सोळाव्या होलवर उचललेला चेंडू

गेल्या सिझनमध्ये धम्मपाल गजभियेने दोन हजारांच्या आसपास फटके मारले. लोक मला विचारतात ते त्याने न मारलेल्या एका चेंडूबद्दल. जो त्याने हाताने उचलला.

त्याची बॅग मी वाहत होतो, म्हणून मला विचारतात. फरीदाबादच्या आमच्या कॉलनीत प्रत्येकाला तीच गोष्ट सांगून तोंड दुखलं. आता लिहून ठेवतो.

धम्मपाल हा अंबादासचा मुलगा. अंबादास आणि मी भंडाऱ्याकडून एकाच वर्षी इथे आलो आणि ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या एकाच कारखान्यात लागलो. तो ग्राइंडिंगवर, मी लेथवर. अंबादास लवकर गेला. धम्मपाल दहावी झाला आणि दिल्लीतल्या एका मोठ्या गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून लागला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा. चेंडू कुठे पडला ते शोधायचं, अंतर सांगायचं, चेंडू पुसून द्यायचा, आणि साहेबाचा फटका चुकला तर दुसरीकडे बघायचं. हे त्याने चौदा वर्षं केलं.

खेळायला तो कधी शिकला, असंही विचारतात. सोमवारी. सोमवारी क्लब सभासदांसाठी बंद असतो, गवताची कामं चालतात. त्या दिवशी कॅडींना खेळायची परवानगी आहे. वर्षाचे बावन्न सोमवार. सणाचे आणि आजारपणाचे वजा करा, चाळीस उरतात. मोठ्या घरच्या मुलाला एका उन्हाळी सुट्टीत जेवढा खेळ मिळतो, तेवढ्यासाठी याला एक वर्ष लागायचं. आणि तेही सभासदांनी टाकून दिलेल्या काठ्या घेऊन. त्याचा सात नंबरचा लोखंडी क्लब, म्हणजे काठी, दांड्यात मोडलेला होता. आतून पिन घालून मी तो जोडून दिला. अजून टिकला आहे.

तिसाव्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडूची परीक्षा पास झाला. तिथपर्यंत तो कोणाच्या मेहरबानीने गेला नाही. पण पुढे रोज सराव करायला जागा हवी, आणि ती जागा दातार साहेबांनी दिली. हेरंब दातार. क्लबचे जुने सभासद, मोठ्या कंपनीतून निवृत्त. धम्मपालने सगळ्यात जास्त वर्षं त्यांचीच बॅग वाहिली. "आपला मराठी माणूस आहे," असं म्हणत त्यांनी पत्र दिलं आणि क्लबच्या सरावाच्या मैदानावर धम्मपालला आत घेतलं जाऊ लागलं. त्या बदल्यात त्याने दर रविवारी सकाळी साहेबांच्या चौकडीत खेळायचं. साहेब वाईट माणूस नाहीत. हे आधीच लिहितो, कारण पुढे मला राग येणार आहे.

रविवारच्या खेळाची एक पद्धत आहे. चेंडू होलपासून वीतभर अंतरावर थांबला तर कोणी तो आत ढकलत बसत नाही. गेला असं धरायचं आणि उचलायचं. वेळ वाचतो. स्पर्धेत हे चालत नाही, तिथे चेंडू आत घालावाच लागतो. साहेब आपल्या मित्रांना म्हणायचे, "गुड आहे, भार्गव साहेब." धम्मपालला म्हणायचे, "उचल रे धम्मा." आधी चौदा वर्षं तो साहेबांचे चेंडू उचलत होता, मग चार वर्षं स्वतःचे उचलू लागला. शब्द तोच राहिला. मी हे कुंपणाबाहेर उभा राहून अनेकदा ऐकलं आणि काही बोललो नाही. लेथवर चुकीच्या जागी हात ठेवायची सवय लागलेला माणूस मी त्याच दिवशी मशीनवरून उतरवला असता. इथे मला वाटलं, खेळ आहे, चालायचंच.

आता सिझनचं सांगतो. गोल्फची एक मोठी टूर असते, टीव्हीवर दिसते ती. तिच्या खाली एक छोटी टूर असते, तिला फीडर म्हणतात. वर्षभरात दहा स्पर्धा, देशभर. प्रत्येक स्पर्धा तीन दिवसांची, दोन दिवसांनंतर खालचे निम्मे घरी. प्रत्येक ठिकाणी गुण मिळतात, आणि वर्षअखेर पहिल्या पाच जणांना मोठ्या टूरवर खेळायचं कार्ड मिळतं. बाकीच्यांना काही नाही. फीडरवर कोण खेळतं? जुने कॅडी, फौजेतून आलेले, आणि साहेब लोकांची मुलं. दातारांचा जयेश त्यांच्यातलाच. वय चोवीस. तो स्पर्धेला विमानाने यायचा. आम्ही स्लीपरने, बॅग साखळीने बर्थला बांधून.

धम्मपालची बायको श्रावस्ती दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. फरीदाबादहून रोज जाते-येते. जानेवारीत तिने त्याला समोर बसवलं. मीही होतो.

"एक सिझन," ती म्हणाली. "पूर्ण दहा स्पर्धा. मी जादा ड्यूटी करीन, घर बघीन. कार्ड आलं तर पुढचं बोलू. नाही आलं तर गुरुग्रामला सरावाच्या रेंजवर मुलांना गोल्फ शिकवायची ती नोकरी घ्यायची. चौतीस वय झालंय तुझं."

"बिल्कुल," तो म्हणाला.

"बिल्कुल नको म्हणू. हो म्हण."

"हो."

"आणि काका, तुम्ही याच्यासोबत जा. हा परक्या गावात सगळ्यांना नमस्कार करत फिरेल."

तिचं म्हणणं खरं निघालं. पहिल्या तीन स्पर्धांत तो दोन दिवसांतच बाहेर पडला. खेळ वाईट नव्हता. पण तो खेळाडूसारखा चालतच नव्हता. इतरांच्या दोन पावलं मागे चालायचा. आपली पाळी असली तरी "आप पहले, सर." दुसऱ्या स्पर्धेत पंजाबच्या एका पोराचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. पोराने मारला आणि पुढे गेला. मागे वळून बघतो तर धम्मपाल दंताळं घेऊन त्याच्या पायांचे ठसे साफ करतोय. ते त्या पोराच्या कॅडीचं काम.

मी जाऊन दंताळं हातातून घेतलं. "तू इथे कशाला आला आहेस?"

"काका, पटकन होतं म्हणून."

"त्याने तुझा एक तरी ठसा पुसला का?"

"चिडू नका ना यार, काका."

"मी यार नाही. चल."

त्यानंतर मी रोज मोजायला लागलो. किती वेळा मागे चालला, किती वेळा "आधी तुम्ही" म्हणाला. दिवस संपला की आकडा सांगायचो. पहिल्या दिवशी एकोणीस होता. एप्रिलमध्ये सात. जूनमध्ये दोन. आकडा जसा खाली गेला तसा तो गुणांच्या यादीत वर गेला. हा योगायोग आहे असं कोणी म्हणालं तर त्याने माझ्याशी बोलू नये. सप्टेंबरमध्ये अहमदाबादला दुसरा आला. दहाव्या स्पर्धेच्या आधी तो यादीत सातवा होता. हिशेब सोपा होता. शेवटच्या स्पर्धेत पहिल्या तीनमध्ये यायचं, म्हणजे कार्ड.

शेवटची स्पर्धा नोएडाच्या बाजूला, डिसेंबरमध्ये. तिथला डिसेंबर तुम्हाला माहीत आहे. सकाळी धुक्यात मिसळलेला धूर इतका की दोनशे यार्डांपुढे काही दिसेना. खेळ उशिरा सुरू व्हायचा, तरी चेंडू हवेत नाहीसा व्हायचा. बाकीचे शिव्या देत होते. धम्मपाल कान देऊन उभा राहायचा. चेंडू गवतावर पडला की झाडाला लागला की मातीवर, हे त्याला आवाजावरून कळतं. तो सरळ जाऊन चेंडूपाशी उभा राहायचा. कॅडीपणाने त्याला जे दिलं त्यातलं हे एक चांगलं. दोन दिवसांनंतर तो तिसरा होता.

तिसऱ्या दिवशी त्याच्या गटात जयेश आणि चंडीगडचा एक खेळाडू. या खेळात ज्याचे फटके कमी तो पुढे, आणि आपले फटके आपण लिहीत नाही, गटातला दुसरा लिहितो. धम्मपालचे फटके लिहायचं काम जयेशकडे आलं. जयेशचं त्या दिवशी काही चाललं नव्हतं. दुपारपर्यंत तो पंधराव्या जागेवर घसरला होता आणि त्याला त्याचं फार वाटतही नव्हतं. धम्मपाल मात्र जसा मी त्याला सोमवारी पाहिला होता तसा खेळत होता. अठरापैकी पंधरा होल झाले तेव्हा तिसऱ्या जागेवर तो आणि पुढच्या गटातला बेंगळुरूचा एक जण बरोबरीत होते. बरोबरीत संपलं असतं तरी गुण पुरले असते.

सोळावा होल. धम्मपालचा चेंडू तिसऱ्या फटक्यानंतर होलपासून एक वीत अलीकडे थांबला. धम्मपालच्या लहान पोरानेही डोळे मिटून आत ढकलला असता. चौथा फटका, आणि पुढे. मी होलमधला झेंडा काढून बाजूला उभा. चंडीगडवाला आपला चेंडू घालून पुढच्या होलकडे निघाला होता, पाठ आमच्याकडे. जयेशचंही झालं होतं. तो पटरवर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायच्या काठीवर, रेलून उभा होता. धम्मपाल चेंडूपाशी आला. त्याची नजर पुढे होती, बेंगळुरूवाल्याने सतराव्यावर काय केलं ते धुरातून दिसतंय का ते बघत होता.

जयेश म्हणाला, "उचल रे धम्मा."

जयेशला धड मराठी येत नाही. दिल्लीत वाढलेला. आईशी हिंदी, मित्रांशी इंग्रजी. पण बापाचं हे एक वाक्य त्याला बापाच्या आवाजात येतं. बाकी तो हिंदीतच बोलला, इथे मी मराठीत लिहितो आहे.

धम्मपाल वाकला आणि त्याने चेंडू उचलला. ना जागेवर खूण ठेवली, ना पटर लावला. उचलून पुसायला माझ्यापुढे धरला.

मी घेतला नाही. त्याचा हात तसाच पुढे राहिला. मग त्याने हाताकडे पाहिलं.

"ओह शिट," जयेश म्हणाला. "सॉरी यार. आदत है. डॅडसोबत नेहमी तसंच…"

धम्मपाल चेंडू होता त्या जागेकडे बघत होता.

जयेशने इकडेतिकडे पाहिलं. "चल, कोणी बघितलं नाही. ठेव आणि मार. मी चारच लिहितो."

"खूण न ठेवता उचलला," धम्मपाल म्हणाला. "एक फटका दंड. पाच."

"अरे, पण लिहिणारा मी आहे ना! मी सांगतोय चार."

"पाच लिही."

"पागल आहेस का? तुझं कार्ड जाईल, धम्मा. वीतभर होता यार, कोणालाही गेला असता."

"पाच."

मी खोटं लिहिणार नाही. त्या वेळी माझ्या मनात आलं, लिहू दे चार. चौदा वर्षांचं काहीतरी परत मिळतंय, घे. चाळीस वर्षं मी मायक्रोमीटरवर काम केलं, एका कणाचाही फरक असलेला भाग पुढे जाऊ दिला नाही, आणि तिथे माझ्या मनात ते आलं. तोंडातून आलं नाही एवढंच.

धम्मपालने चेंडू होता तिथे ठेवला. जयेशला जागा दाखवली. "इथेच होता ना?"

"हो, इथेच."

त्याने पटर लावला आणि चेंडू आत घातला. जयेशने पाच लिहिले. तो वाईट मुलगा असता, मुद्दाम बोलला असता, तर मला सोपं गेलं असतं. तो मुद्दाम बोलला नाही. त्याला चांगलंच करायचं होतं. नोकराला आपण म्हणतो ना, राहू दे आता, बस, तसं तो म्हणाला. आणि त्याचं काय गेलं? काही नाही.

सतराव्यावर जेवढे फटके ठरलेले तेवढेच लागले. अठराव्यावर आठ फुटांवरून चेंडू आत घालायचा होता. तो गेला असता तर दंड भरून निघाला असता. उजव्या काठाला लागून बाहेर आला. त्याबद्दलही मी त्याला सुनावलं. आठ फूट घालायलाच हवे होते. तो चौथा आला. एका फटक्याने. वर्षाच्या यादीत सहावा.

बाहेर पार्किंगमध्ये माझा आवाज चढला.

"काका, हळू बोला. लोक बघतायत."

"बघू देत. त्या पोराला जाऊन विचार, तो चंडीगडवाल्याला असं म्हणाला असता का? उचल रे म्हणून?"

"हात माझा होता."

"शब्द त्याचा होता."

"शब्दाने बॉल उचलला नाही, काका."

"मग अठरा वर्षं कोणी उचलला?"

तो बॅगची चेन लावत राहिला. लागलेली चेन उघडून परत लावली. मग म्हणाला, "घरी काय सांगू?"

घरी त्याने सरळ सांगितलं. श्रावस्ती ड्यूटीवरून येऊन पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला ऐकू आलं, की तू ऐकलंस?"

"कळायच्या आधीच उचलला."

"पाच तू लिहायला लावलेस?"

"हो."

"ते बरं केलंस. चार लिहून कार्ड आणलं असतंस तर मी ते चुलीत घातलं असतं."

"आपल्याकडे गॅस आहे," तो म्हणाला.

"गॅसवर जाळलं असतं." तिने लाटणं ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज मोकळा होता. "ऐक. ती रेंजवरची नोकरी तू घेणार. ठरलं होतं, ते ठरलं. पण आणखी एक सिझन खेळायचं. तू खेळून हरला असतास तर मी बस म्हणाले असते. तू दुसऱ्याने सांगितलं ते ऐकून हरलास. ते मला चालणार नाही. तो हात आधी शिकव."

दोन दिवसांनी दातार साहेबांचा फोन आला. धम्मपालने स्पीकरवर ठेवला.

"अरे धम्मा, जयेशला फार वाईट वाटतंय रे. दोन दिवस नीट जेवला नाही."

आम्ही जेवलो का, ते त्यांनी विचारलं नाही.

"तू रविवारी ये. बोलू आपण. पुढच्या वर्षीचं बघू."

"रविवारी नाही येणार, साहेब."

"का रे? तब्येत?"

"तब्येत बरी आहे. तुमच्यासोबत बॉल आत घालता येत नाही."

साहेब हसले. "अरे, ती तर आपली गंमत असते, धम्मा."

"तुमची असते, साहेब. मला ती महाग पडली."

साहेब रागावले नाहीत. पत्रही परत मागितलं नाही. नवं वर्ष लागलं आणि नवं पत्र आलं नाही, एवढंच. सरावाच्या मैदानाच्या फाटकावरचा शिपाई, जो चार वर्षं याला सलाम करत होता, त्याने वहीत नाव शोधलं आणि नाही म्हणाला. मला त्या शिपायाचा राग आला नाही. ज्यांचा आला ते फाटकावर उभे राहत नाहीत.

कॅडीचं जुनं ओळखपत्र मात्र चालू होतं. म्हणजे सोमवार होते. गुरुग्रामची नोकरी धरताना त्याने सोमवारची सुट्टी मागून घेतली.

पहिल्या सोमवारी आम्ही पटिंगच्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा सराव करतात त्या हिरवळीवर, गेलो. मी त्याला सांगितलं, चेंडू होलपासून वीतभर ठेव. त्याने ठेवला. मी मागे उभा राहिलो आणि म्हणालो, "उचल रे धम्मा."

त्याचा हात हलला नाही. पटर लावला, चेंडू आत. पुन्हा ठेवला. "उचल रे धम्मा." आत. असं दोनशे वेळा करायचं, मध्ये हात हलला तर पहिल्यापासून, असं मी ठरवलं होतं.

चाळीसच्या पुढे बाकीचे कॅडी जमले. आधी हसले. मग त्यांना कळलं. मग त्यांच्यातला शंकर, क्लबवरचा सगळ्यात जुना कॅडी, मला म्हणाला, "काका, तुमच्या आवाजात ते नाही. तुम्ही फोरमनसारखे ओरडता. साहेब असे बोलत नाहीत."

"मग कसे बोलतात?"

तो पुढे आला. मान थोडी वाकडी केली, घसा साफ केला आणि मऊ, दमलेल्या, प्रेमळ आवाजात म्हणाला, "उचल रे धम्मा." हुबेहूब दातार. सगळ्या कॅडींना आपापल्या साहेबांचे आवाज येतात. वीस-वीस वर्षं दुसरं काय ऐकलं आहे? मग एकेक जण पुढे आला. एकाने कर्नल साहेब केले, एकाने वकील साहेब, एकाने तर कोणा मॅडमचा आवाज काढला आणि सगळे लोळायचे बाकी राहिले. "उठा ले भाई." "पिक इट अप, पिक इट अप." "अरे बस, हो गया, उठा." धम्मपाल खाली बघून एकेक चेंडू आत घालत होता. त्याचे कान लाल झाले होते. तो हसत नव्हता. मीही नाही.

मी मोजत होतो. एकशे साठ. एकशे सत्तर. उन्हं चढली, धूर थोडा विरला. कॅडी दमून आपापल्या खेळाला निघाले. मीही दमलो होतो, बोलायचं थांबलो होतो. एकशे एक्याण्णवाव्या चेंडूला, कोणाचं लक्ष नसताना, शंकर मागून त्याच मऊ आवाजात म्हणाला, "उचल रे धम्मा."

धम्मपालच्या उजव्या हाताची दोन बोटं पटरवरून सुटली. सुटली, आणि पुन्हा मिटली. चेंडू त्याने आतच घातला. दुसरं कोणी असतं तर बोटं दिसली नसती.

त्याने माझ्याकडे पाहिलं. नऊच उरले होते.

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

त्याने होलमधून चेंडू काढला, वीत मोजली आणि ठेवला.